विश्लेषण : घराची भिंत अंगावर कोसळूनही बस्टर कीटन कसा वाचला?

वादळ सुटलंय. घराची अख्खी दर्शनी भिंत एका माणसावर कोसळते. वरच्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीची चौकट नेमकी त्याच्याभोवती येते आणि तो जागचा हलत नाही. ‘स्टीमबोट बिल ज्युनियर’ (१९२८) या मूकपटातला हा प्रसंग आजही मोबाइलवर फिरतो. भिंत खरी होती, माणूसही खरा.

ही करामत सुचली कुठून?

बीज होतं दोन रिळांच्या विनोदी लघुपटांत. ‘बॅक स्टेज’मध्ये (१९१९) नाटकाच्या सेटची हलकी भिंत रॉस्को आरबकलवर पडते. या आरबकलनेच १९१७ मध्ये कीटनला सिनेमात आणलं. पुढे स्वतःच्या ‘वन वीक’मध्ये (१९२०) कीटनने भिंत स्वतःवर पाडून घेतली. त्यात नवविवाहित जोडपं सुटे भाग जोडून घर बांधतं. पण खोक्यांवरचे आकडे कुणीतरी बदललेले! वादळात गरगरणारं ते घर खरोखरच फिरत्या चबुतऱ्यावर उभारलं होतं. तिसऱ्या वेळी मात्र भिंत चांगलीच जड होती आणि कीटनभोवती मोकळी जागा काही इंचांचीच. उभं राहण्याची जागा आधी मोजून ठरवलेली. तिथून जरा सरकला असता, तर संपलंच.

भीती वाटत नव्हती?

१८९५ मध्ये कॅन्सस राज्यात जन्मलेला कीटन आई-वडिलांच्या फिरत्या खेळांत वाढला. वडील त्याला स्टेजवर अक्षरशः फेकायचे. आपण हसलो की प्रेक्षक कमी हसतात, हे त्याला तिथेच कळलं. तो निर्विकार चेहरा तेव्हापासूनचा. हिशेब दरवेळी जमलाच असंही नाही. ‘शेरलॉक ज्युनियर’च्या (१९२४) चित्रीकरणात पाण्याच्या लोंढ्याने तो रुळांवर आपटला. मानेचं हाड मोडलं होतं, हे कळलं कित्येक वर्षांनी.

मग घसरण कशामुळे?

१९२० ते १९२३ या काळात त्याने स्वतःच्या स्टुडिओत १९ लघुपट केले, तेही जागेवर सुचेल तसे. १९२८ मध्ये तो ‘एमजीएम’मध्ये गेला. तिथे पटकथा आधी मंजूर हवी. ते स्वातंत्र्य गेलं, दारू वाढली, घटस्फोट झाला आणि १९३३ मध्ये नोकरीही सुटली. नंतर त्याच कंपनीत तो इतरांसाठी विनोद सुचवत बसे.

जुने चित्रपट पन्नाशीच्या दशकात पुन्हा दिसू लागले. १९६० मध्ये मानद ऑस्कर मिळालं. मृत्यूच्या (१ फेब्रुवारी १९६६) आदल्या वर्षी कॅनडात ‘द रेलरॉडर’ हा संवादाविना लघुपट आला. त्यात तो छोट्या रेल्वेगाडीतून उंच पुलावरून जातो. वाऱ्याने फडफडणारा भलामोठा नकाशा अंगाला गुंडाळला गेलाय, समोरचं काहीच दिसत नाही. तो प्रसंग पुलावरच घ्यायचा, हा हट्ट कीटनचाच होता.