ज्या गॅसनं गाडीत एसी आणला, त्यानंच ओझोनला भगदाड पाडलं

जुन्या गाडीचा एसी गार हवा देईना झाला की गॅरेजवाला आधी सांगतो, गॅस गेलाय. गाड्यांच्या एसीत सुरुवातीला जो गॅस आला, त्याच्यामागे डोकं होतं थॉमस मिजलीचं.

१८८९ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मलेला मिजली शिकला मेकॅनिकल इंजिनिअरिंग, पण नाव काढलं रसायनशास्त्रात. जनरल मोटर्ससाठी काम करताना १९२१ मध्ये त्यानं पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घालून इंजिनाचं नॉकिंग थांबवलं. शिसं विषारी. त्याला स्वतःलाही बाधा झाली, तरी धंदा जोरात चालला.

त्या काळी फ्रीजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड असले गॅस असायचे. गळती झाली की माणसं दगावायची. १९२८ मध्ये मिजलीच्या टीमनं यावर उपाय काढला, आर-१२. बाजारातलं नाव फ्रिऑन. १९३० मध्ये शास्त्रज्ञांसमोर त्यानं हा गॅस छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून मेणबत्ती विझवली. गॅस विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका दमात सिद्ध झालं.

१९३९ मध्ये पॅकार्ड कंपनीनं एसीवाली गाडी आणली. पुढची पन्नासेक वर्षं गाड्यांच्या एसीत आर-१२ चाच दबदबा होता.

मिजलीला मात्र १९४० मध्ये पोलिओ झाला. पलंगावरून उठता यावं म्हणून त्यानं दोर आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. १९४४ मध्ये त्याच दोरांत गळा आवळून त्याचा मृत्यू झाला. वय ५५.

त्यानंतर ३० वर्षांनी, १९७४ मध्ये, मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी धोका दाखवून दिला. हा गॅस सहजासहजी नष्ट होत नाही, हीच त्याची खोड. तो वर वर जातो, तिथं अतिनील किरणांनी फुटतो आणि सुटलेला क्लोरीन ओझोन खातो. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं त्याला लगाम घातला. नव्वदच्या दशकात नव्या गाड्यांत आर-१३४ए आला.

म्हणूनच आर-१२ वाल्या जुन्या गाडीत थेट नवा गॅस भरून चालत नाही. जुना गॅस मशीननं काढून घ्यावा लागतो. कॉम्प्रेसरचं ऑइल, ड्रायर आणि गरजेप्रमाणे सील बदलावे लागतात. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो.

आणि एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे. ते न काढता दर उन्हाळ्यात गॅस भरला, तर पैसेही हवेत आणि गॅसही.