कणा मोडलेल्यांचा डॉक्टर

पोळी भाजताना बोट तव्याला टेकलं, की हात झटकन मागे येतो. भाजलं हे आपल्याला कळतं ते त्यानंतर! कारण हात मागे घ्यायचा हुकूम मेंदूने दिलेलाच नसतो. तो येतो पाठीच्या मणक्यांमधून गेलेल्या मज्जारज्जूकडून. करंगळीएवढी जाड, साधारण दीड फूट लांब अशी ही दोरी. तिच्यातून नसांच्या ३१ जोड्या निघून अंगभर पसरतात. मेंदूचा निरोप हातापायांना पोचवायचा आणि हातापायांची खबर मेंदूला द्यायची, हे तिचं रोजचं काम. दोरीला जिथे इजा होते, तिथून खालचा व्यवहार बंद पडतो. पाठीत मार बसला तर पाय जातात, मानेत बसला तर हातही. मोडलेलं हाड सांधतं, तशी ही दोरी सांधत नाही.

कारखान्यात शेडवरून पडणं, पुणे-नाशिक रस्त्यावर दुचाकी घसरणं, घरच्याच जिन्यावरून पाय निसटणं... ही दुखापत कुणाच्याही घरी येऊ शकते. पूर्वी असा रुग्ण काही महिन्यांचा सोबती समजला जाई. ही समजूत ज्यांनी खोटी ठरवली, ते डॉ. लुडविग गुटमन.

त्यांचा जन्म ३ जुलै १८९९चा. तेव्हा जर्मनीत आणि आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावातलं हे ज्यू कुटुंब. १९१७ साली, अठराव्या वर्षी, लुडविग खाणकामगारांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करत होते. तिथे पाठ मोडलेला एक धट्टाकट्टा तरुण कामगार आला. त्याला प्लास्टर घातलं, भोवती पडदे लावले आणि हा काही जगत नाही म्हणून सोडून दिलं. पाच आठवड्यांत तो गेला. तो गेला जंतुसंसर्गाने, मोडलेल्या पाठीने नव्हे. तो तरुण गुटमनांच्या मनातून कधी गेला नाही.

पुढे ते मेंदू आणि मज्जारज्जूचे नामवंत डॉक्टर झाले. पण १९३३मध्ये हिटलरची सत्ता आली आणि ज्यू म्हणून त्यांची नोकरी गेली. मग ते ब्रेस्लाऊच्या ज्यू रुग्णालयात काम करू लागले. ९ नोव्हेंबर १९३८च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची घरं-दुकानं फोडली गेली, धरपकड सुरू झाली. गुटमनांनी सांगून ठेवलं, दारात येईल त्याला दाखल करून घ्या. दुसऱ्या दिवशी पोलीस आले. दाखल केलेल्या ६४ जणांपैकी एकेकाच्या खाटेपाशी उभं राहून डॉक्टरांनी तोंडाला येईल तो आजार सांगितला आणि ६० जणांना वाचवलं. मार्च १९३९मध्ये पत्नी एल्स आणि दोन मुलांना घेऊन ते इंग्लंडला पोचले. परका देश, परकी भाषा, सगळं पहिल्यापासून.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टोक मँडेव्हिल इथल्या रुग्णालयात मज्जारज्जूच्या रुग्णांचा विभाग त्यांच्या हाती आला. युद्धात जखमी झालेले तरुण सैनिक तिथे यायचे, अंगावर जखमा घेऊन आणि मरणाची वाट पाहत.

गुटमनांनी काय केलं? नवं औषध शोधलं नाही. तुटलेली दोरी जोडता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बघितलं ते हे, की झोपेतही आपण कूस बदलतो, कारण अंग दबलं की तशी खबर मेंदूला जाते. या रुग्णांची खबर जातच नाही. एकाच जागी दाब राहतो, तिथलं रक्त थांबतं, कातडी मरते आणि जखम हाडापर्यंत जाते. तेव्हा त्यांनी प्लास्टर काढून टाकलं आणि नियम केला, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. रात्रीसुद्धा! नियम पाळला जातो का, हे पाहायला ते स्वतः रात्री वॉर्डात येत. लघवीची नळी घालताना कमालीची स्वच्छता ठेवत. माणसं जगू लागली.

पण नुसतं जगून काय करायचं? म्हणून सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टायपिंग आणि खेळ सुरू झाले. २९ जुलै १९४८ला लंडनमध्ये ऑलिंपिकचं उद्घाटन होत होतं. त्याच दिवशी रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीत बसून १६ जणांनी धनुर्विद्येची स्पर्धा खेळली. त्यात दोन बायकाही होत्या. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभं राहिलं. १९६०च्या रोमच्या स्पर्धेत २३ देश उतरले.

ही वाट आपल्यापर्यंतही आली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे जवान मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. पोहणं हाच त्यांचा व्यायाम झाला. १९७२ला हायडेलबर्गच्या स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात त्यांनी भारताला पहिलं पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिलं. पुण्यात टेल्कोत त्यांनी नोकरीही केली. पिंपरी-चिंचवडला लागूनच असलेल्या खडकीत १९७४पासून अशा जवानांसाठी पुनर्वसन केंद्र आहे.

गुटमन १८ मार्च १९८०ला गेले. त्यांची शिकवण मात्र आपल्या घरातच उपयोगी पडणारी आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा बहुधा बाईच्याच वाट्याला येते. तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, खुबे आणि टाचा रोज नीट बघा. कातडी लाल दिसली तर त्या जागेवर भार देऊ नका आणि डॉक्टरांना विचारा. लघवीची नळी स्वच्छ ठेवा. ताप आला तर अंगावर काढू नका. अपघातात पाठ किंवा मान दुखावल्याची शंका आली, तर त्या माणसाला उठवून बसवू नका, मान वाकवू नका. १०८ला फोन करा. आणि रात्रीची पाळी घरातल्या पुरुषांनाही वाटून द्या. स्टोक मँडेव्हिललाही हे काम एकटीने होत नव्हतं!