मेहली मेहता

मेहली मेहता (जन्म : मुंबई, २५ सप्टेंबर १९०८; मृत्यू : लॉस एंजेलस, १९ ऑक्टोबर २००२) हे भारतीय व्हायोलिनवादक, वाद्यवृंदसंचालक आणि संगीतशिक्षक होते. १९३५ मध्ये त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. विख्यात संगीतसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र होत. कनिष्ठ पुत्र झरीन मेहता यांनी न्यू यॉर्क फिलहार्मोनिकचे व्यवस्थापन अनेक वर्षे सांभाळले.

सुरुवातीचे जीवन

मेहतांचा जन्म पारशी कुटुंबात झाला. त्यांनी हिशेबनिसाचे शिक्षण घेतले होते. व्हायोलिन मात्र ते बहुतांशी स्वतःच शिकले. प्रसिद्ध व्हायोलिनवादक यासा हायफेट्झ यांच्या वादनाचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. मुंबईत आश्रयास आलेले संगीतकार वॉल्टर कौफमान यांच्यासोबत ते कक्षसंगीत वाजवत. कौफमान यांनी रचलेल्या आकाशवाणीच्या संकेतधूनमधील व्हायोलिन मेहतांचे असल्याचे मानले जाते.

बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा

पाश्चात्त्य सिम्फनी मैफलीच्या रूढ रचनेत पूर्वार्धात एकल वादकासह कॉन्चेर्टो आणि मध्यंतरानंतर सिम्फनी असते. त्यासाठी मोठा आणि सरावलेला वादकसंच लागतो. शूमानच्या पियानो कॉन्चेर्टोला तंतुवाद्यांखेरीज १२ वायुवाद्ये व टिंपनी लागतात; ब्राह्म्सच्या पहिल्या सिम्फनीला वायुवाद्येच १८ लागतात.

मुंबईत असा संच जमवणे अवघड होते. पारशी हौशी वादक आणि चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले गोमंतकीय वादक यांच्यावर मेहतांची भिस्त होती. वायुवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधील वादक घ्यावे लागत. अनेक गोमंतकीय वादकांचा चरितार्थ हॉटेलांतील बँड व चित्रपटसंगीतावर चालत असल्याने तालमींना सर्वांची एकत्र उपस्थिती दुर्मीळ असे. १९४० मध्ये मेहतांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेटही स्थापन केले.

आपले शिक्षण अपुरे आहे या जाणिवेने १९४५ मध्ये, पत्नी तेहमिना व दोन लहान मुलांना मुंबईत ठेवून, ते न्यू यॉर्कला इव्हान गालामियन यांच्याकडे शिकण्यास गेले. परतल्यावर त्यांनी वाद्यवृंदाचे काम पुन्हा हाती घेतले. झुबिन यांनी सिम्फनीचे पहिले धडे याच तालमींत घेतले. १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेल्यावर ब्राह्म्सची पहिली सिम्फनी प्रत्यक्ष ऐकताना, पूर्ण वाद्यवृंदाचा नाद मुंबईत ऐकलेल्या नादापेक्षा किती निराळा असतो, हे त्यांना उमगले.

परदेशातील कार्य

पूर्णवेळ व्यावसायिक वाद्यवृंदाला लागणारा स्थिर आधार मुंबईत उभा राहू शकला नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास मेहता इंग्लंडला गेले आणि जॉन बार्बिरोली यांच्या मँचेस्टर येथील हॅले वाद्यवृंदात वाजवू लागले. पुढे ते फिलाडेल्फियातील कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटचे सदस्य झाले. १९६४ मध्ये लॉस एंजेलसला आल्यावर त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन सुरू केले. त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी स्थापन केली व ३३ वर्षे तिचे संचालन केले. तेथे तयार झालेले अनेक तरुण पुढे व्यावसायिक वाद्यवृंदांत गेले.

वारसा

१९९५ मध्ये मुंबईत मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन स्थापन झाले. ही संस्था मैफलींसोबत मुलांच्या संगीतशिक्षणाचे काम करते. मुंबईत व्यावसायिक वाद्यवृंद उभा राहण्यास मात्र २००६ साल उजाडले. त्या वर्षी राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राने (एनसीपीए) सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला. त्यातही आरंभी परदेशी वादकांचाच भरणा होता. वाद्यवृंदापूर्वी वादक घडवावे लागतात, हा मेहतांच्या मुंबईतील कार्याचा अनुभव त्यामुळे पुन्हा अधोरेखित झाला.