विलर्ड गिब्ज

साखरेच्या दाट पाकात दोरा सोडून ठेवला, म्हणजे काही दिवसांनी त्यावर खडीसाखरेचे खडे चढतात. खडा कोठे संपला आणि पाक कोठे सुरू झाला, हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. परंतु ही सीमा खरोखरच रेघेसारखी असते काय? गणिताच्या साहाय्याने या प्रश्नाच्या मुळाशी जाणारे शास्त्रज्ञ म्हणजे जोसाया विलर्ड गिब्ज.

त्यांचा जन्म ११ फेब्रुवारी १८३९ रोजी अमेरिकेतील न्यू हेवन या गावी झाला. वडील तेथील येल महाविद्यालयात प्राध्यापक होते. यंत्रातील दातेरी चाकांचे दाते कसे असावेत, यावर प्रबंध लिहून १८६३ साली गिब्ज यांनी डॉक्टर ही पदवी मिळविली. तीन वर्षे युरोपात अध्ययन करून ते परतले, आणि १८७१ साली येल येथेच प्राध्यापक झाले. मात्र या जागेला वेतन नव्हते! वडिलोपार्जित मिळकतीवर ते साधेपणाने राहिले.

याच काळात, १८७५ ते १८७८ या वर्षांत, त्यांचा महान निबंध प्रसिद्ध झाला. घन व द्रव यांच्यामध्ये एक अतिशय पातळ थर असतो आणि त्यात एकाचे गुण सरत जाऊन दुसऱ्याचे येतात, हे त्यांनी जाणले. त्या थराचे मोजमाप करणार कसे? गिब्ज यांनी तेथे जाडी नसलेले एक काल्पनिक पृष्ठ मानले. दोन्ही पदार्थ त्या पृष्ठापर्यंत जसेच्या तसे आहेत असे धरून हिशेब केला, आणि प्रत्यक्षात जे अधिक-उणे भरेल ते पृष्ठाच्या खाती मांडले. पाण्याच्या थेंबाचे पृष्ठ सर्व दिशांना सारखे, म्हणून थेंब गोल होतो. स्फटिकाच्या निरनिराळ्या पैलूंची पृष्ठऊर्जा मात्र निराळी असते. तिची एकूण बेरीज कमीत कमी भरेल असा आकार चिमुकल्या स्फटिकाला सोयीचा ठरतो. मोठ्या स्फटिकाचा आकार मुख्यतः कोणत्या पैलूवर थर किती वेगाने चढतात, यावर ठरतो.

हा निबंध फारसा कोणी वाचला नाही. नियतकालिक अपरिचित आणि गणित कठीण! इंग्लंडात मॅक्सवेल यांनी मात्र गिब्ज यांची थोरवी ओळखली होती. गिब्ज यांच्या आधीच्या एका लेखावरून त्यांनी प्लास्टरचा नमुना घडविला व त्याची प्रत गिब्ज यांस धाडली. १८८० साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने ३००० डॉलर वेतन देऊ केले, तेव्हा येलला जाग आली. तेथून २००० डॉलरच मिळणार होते. तरीही गिब्ज येथेच राहिले.

१८९२ साली ओस्टवाल्ड यांनी त्यांच्या निबंधाचे जर्मन भाषांतर केले. १९०१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कॉप्ली पदक दिले. २८ एप्रिल १९०३ रोजी न्यू हेवन येथेच त्यांचे निधन झाले. मॅक्सवेल यांनी धाडलेला तो नमुना येल येथे जतन करून ठेवला आहे.