पतंगावरून टिपलेले शहर

भूगोलाच्या तासाला सरांनी आम्हांला सॅन फ्रान्सिस्को शहराचे एक जुने छायाचित्र दाखविले. १९०६ सालच्या भूकंपानंतरचे. जळून गेलेल्या घरांची रांगच रांग, त्यांतून सरळ गेलेले रस्ते आणि समुद्रावर मावळता सूर्य. त्या वेळी विमानातून छायाचित्रे निघत नव्हती, मग इतक्या उंचावरून हे काढले कसे, असे मी विचारले. पतंगाला कॅमेरा बांधून, असे सरांनी सांगताच सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण हा खटाटोप करणाऱ्या जॉर्ज लॉरेन्सने पुढे महिनाभर माझी पाठ सोडली नाही.

लॉरेन्सचा जन्म २४ फेब्रुवारी १८६८ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात ओटावा या गावी झाला. तरुणपणी तो शिकागोकडे बग्ग्यांच्या कारखान्यात कामाला लागला. तेथे लाकडी चाकावर लोखंडी धाव झटपट चढविण्याची युक्ती त्याने शोधली. कॅमेऱ्याचा नाद त्यानंतरचा. १८९१ च्या सुमारास त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला आणि छायाचित्रणात आजवर जे अशक्य होते तेच आपण करून देतो, अशी जाहिरातच केली!

ही नुसती बढाई नव्हती. १९०० साली एका रेल्वे कंपनीला आपल्या नव्या गाडीचे एकसंध छायाचित्र हवे होते. लॉरेन्सने सुमारे १४०० पौंड वजनाचा कॅमेरा बनविला. त्याची काच आठ फूट लांब आणि साडेचार फूट रुंद होती! पॅरिसच्या प्रदर्शनात ते छायाचित्र पाहून चालकांचा विश्वासच बसेना. अखेर फ्रेंच वकिलातीच्या माणसाने प्रत्यक्ष कॅमेरा पाहिला, तेव्हा कुठे खात्री पटली.

मग त्याला उंचीचे वेड लागले. १९०१ साली तो फुग्याला टांगलेल्या पाळण्यात बसून वर गेला असता पाळणाच सुटला. दोनशे फुटांहून अधिक उंचीवरून तो खाली आला, पण वाटेत तारायंत्राच्या आणि टेलिफोनच्या तारा आडव्या आल्याने बचावला. दुसरा कोणी असता तर त्याने हा नाद सोडला असता. लॉरेन्सने एवढाच धडा घेतला, की आपण खाली राहावे आणि कॅमेऱ्याला वर धाडावे.

पतंगावरून छायाचित्र काढणारा तो पहिला नव्हे. फ्रान्समध्ये आर्थर बातू याने १८८८ च्या सुमारास ते केले होते. पण लॉरेन्सचा कॅमेरा होता ४९ पौंडांचा! एका पतंगाला तो कसा पेलणार? म्हणून त्याने एकाच दोरावर सतरा पतंगांची माळ चढविली. वाऱ्यात कॅमेरा हेलकावू नये म्हणून त्याला तीन लांब दांड्या लावल्या, दांड्यांच्या टोकांना रेशमी दोऱ्या बांधल्या आणि त्या खाली एकत्र आणून त्यांना शिशाचे वजन लटकविले. वीज तारेतून वर जाई आणि भिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरे. काम झाले की एक लहानशी हवाई छत्री सुटे. ती दिसली की खालच्यांनी दोर ओढायचा.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्को हादरले. पाठोपाठ तीन दिवस आग धुमसत होती. तीन हजारांवर माणसे गेली. काही आठवड्यांनी लॉरेन्सने खाडीवर सुमारे दोन हजार फूट उंचीवर कॅमेरा चढविला. त्यातून निघालेले छायाचित्र चार फूट लांब होते. त्याची एकेक प्रत त्याने १२५ डॉलरला विकली आणि एकूण पंधरा हजार डॉलर तरी मिळविले.

हे वाचले आणि माझा आदर एकदम उतरला. लोकांच्या घरांची राख विकून पैसा? माझे आजोळ किल्लारीच्या बाजूचे. १९९३ च्या भूकंपात आजीचे घर गेले. भूकंपानंतर कॅमेरे घेऊन येणाऱ्यांविषयी घरात कधी बरे बोललेले मी ऐकलेले नाही.

तरीही ते छायाचित्र चार कागदांवर छापून, चिकटवून मी सुट्टीत आजीला नेऊन दाखविले. विकल्याचेही सांगितले. आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. यात माणसे दिसत नाहीत, एवढेच ती आधी बोलली. मग बोटाने एक रस्ता धरून चालू लागली. घरे गेली तरी गल्ल्या कशा कळतात बघ, म्हणाली. आमचे जुने गाव उठले, नव्या गावात ओळीने घरे झाली. वेस कोठे होती, आड कोठे होता, हे आता तिला जागेवर उभे राहूनही नक्की सांगता येत नाही. तेव्हा कोणी असा पतंग उडविला असता तर तुला माझे दार दाखविले असते, असे ती म्हणाली. विकणाराने पैसे घेतले तर घेतले, त्याचे तिला काहीच वाटले नाही. मला मात्र अजून थोडे वाटते.

लॉरेन्सने पुढे, १९१० साली, छायाचित्रण सोडून विमाने बनविण्याचा ध्यास घेतला. १५ डिसेंबर १९३८ रोजी तो वारला. ते चिकटविलेले कागद मी परत मागितले, पण आजीने घडी घालून आपल्या ट्रंकेत ठेवून दिले आहेत.