मास्तरांची वेल

अर्जेंटिनाचे राष्ट्राध्यक्ष झालेले डोमिंगो फाउस्तिनो सार्मिएंतो हे मुळातले मास्तर. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी सान हुआन इथे १८११ साली त्यांचा जन्म झाला. घरची गरिबी, आई अंगणातल्या अंजिराखाली माग चालवून संसार रेटायची. पंधराव्या वर्षीच हा मुलगा आपल्याहून थोरांना अक्षरे गिरवायला शिकवू लागला. पुढे राजकारणापायी हद्दपारी नशिबी आली. पर्वत ओलांडून ते चिलीत गेले. तिथेच १८४५ साली 'फाकुंदो' हे त्यांचे गाजलेले पुस्तक निघाले.

चिलीतल्यासारखी सरकारी कृषिशाळा आपल्याकडे मेंडोझात हवी, हा त्यांचा ध्यास. त्यांनी तिथल्या गव्हर्नरांचे मन वळवले आणि १७ एप्रिल १८५३ रोजी तसा प्रस्ताव विधिमंडळापुढे आला. शाळा चालवायला मिशेल एमे पूजे हा फ्रेंच कृषितज्ज्ञ आला, तो द्राक्षांची कलमे घेऊनच. त्यांत एक होते माल्बेक.

माल्बेकचे माहेर नैर्ऋत्य फ्रान्समधले काओर. तिथली वाइन इतकी गर्द आणि तुरट, की तिला 'काळी वाइन' म्हणत. मेंडोझात या वेलीला लख्ख ऊन, गार रात्री, कोरडी हवा आणि पाटाने येणारे बर्फाचे पाणी मिळाले. तुरटपणा निवळला, वाइन मऊ आणि रसाळ झाली. माहेरी मात्र १९५६च्या कडाक्याच्या थंडीत बहुतेक वेली मेल्या.

सार्मिएंतो १८६८ ते १८७४ राष्ट्राध्यक्ष होते. त्यांनी गावोगाव शाळा काढल्या, अमेरिकेतून शिक्षिका आणल्या. पण या मोठ्या माणसाची एक बाजू काळी होती. इथले गुराखी गाउचो आणि मूळ रहिवासी त्यांना रानटी वाटत. युरोपातून माणसे आणली की देश सुधारेल, ही त्यांची धारणा. गंमत अशी, की त्यांच्या खटपटीतून आलेली युरोपातली वेल सुधारली ती इथल्याच मातीने.

आम्ही बँकवाले परतफेडीची मुदत वर्षांत मोजतो. या वेलीचे नाव जगभर व्हायला शतकाहून अधिक काळ लागला. सार्मिएंतो ११ सप्टेंबर १८८८ रोजी परक्या मुलखात, पॅराग्वेतल्या असुन्सिओन शहरात वारले. अर्जेंटिनात तो दिवस शिक्षक दिन म्हणून पाळतात आणि २०११पासून १७ एप्रिल माल्बेकचा. एक दिवस मास्तरांचा, एक त्यांच्या वेलीचा. मातीला कमी लेखणाऱ्या माणसाचेही ऋण मातीने असे सव्याज फेडले.