पाद्रीगुरु फादर थॉमस स्टीफन्स

आपल्या कोल्हापूरच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकांत मुलांच्या धर्मशिक्षणाविषयीं कांहीं लिहावें असें ठरलें, तेव्हां आमच्यापुढें प्रथम नांव आलें तें फादर थॉमस स्टीफन्स यांचें. घाट उतरून गेलें कीं जो गोमंतक लागतो, तेथें त्यांनीं आपल्या आयुष्याचीं चाळीस वर्षें वेंचलीं.

इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत, बुश्टन गांवीं, १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. त्या काळीं त्या देशांत कॅथलिक धर्म उघडपणें पाळणें जोखमीचें होतें. त्यांनीं रोमला जाऊन १५७५ मध्यें येशूसंघांत प्रवेश केला, ता. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडलें आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोहोंचले. पुढें साष्टी प्रांत (मुंबईजवळची साष्टी नव्हे, मडगांवकडील) हीच त्यांची कर्मभूमि झाली.

ही भूमि शांत नव्हती. पोर्तुगीज राज्यकर्त्यांनीं तेथील देवळें पाडलीं होतीं. हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. जुलै १५८३ मध्यें कुंकळ्ळी येथें पांच येशूसंघीयांचा वध झाला. त्याच वर्षीं फादर स्टीफन्स यांनीं आपल्या भावास पत्र लिहिलें, त्यांत या देशांतील भाषांचें ग्रीक व लॅटिन भाषांशीं असलेलें साम्य नमूद केलें आहे. भोंवतीं वैर धुमसत असतां ज्याचें लक्ष लोकांच्या बोलण्याकडे जातें, तो खरा शिक्षक होय.

त्यांनीं मुलांसाठीं कोंकणींत दोत्रीन रचली. पोर्तुगालांतील मार्कुश जॉर्ज यांच्या पुस्तकाच्या धर्तीवर ती गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांची आहे. क्रूसाची खूण, प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, संस्कार, हें सारें लेकरूं घरांत जी भाषा बोलतें तींतच त्याला मिळावें, हा हेतु. आज पुष्कळ घरीं आई मुलाला मराठींत रागावते, आणि पश्चात्तापाची प्रार्थना मात्र तो परक्या भाषेंत पाठ करतो. यांत सोय असेल; शिक्षण आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

परंतु लेकरूं कायमचें लेकरूं राहत नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या आरंभींच हा प्रश्न उभा केलेला आहे. साष्टींतील चर्चमध्यें मुलांना दोत्रीन शिकविली जात असतां एक ब्राह्मण पाद्रीगुरूंस विचारतो, कीं जुनीं पुराणें आम्हांस मना केलीं, मग त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण कां देत नाहीं? प्रश्न रास्त होता. पाठ केलेलीं उत्तरें बालपणीं पुरतात. वाढत्या मनाला कथा हवी, विस्तार हवा, शंका विचारण्यास जागा हवी. फादर स्टीफन्स यांनीं उत्तरादाखल सुमारें अकरा हजार ओव्या रचल्या, त्याही मराठींत. कारण मोठीं माणसें पुराण मराठींत ऐकत आलीं होतीं. पहिल्या भागांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुना करार, दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र. मुलाला घरची कोंकणी, प्रौढाला ग्रंथाची मराठी: वयाचा हा विचार ज्यानें केला तो परदेशीं जन्मलेला होता, हें आम्हां धर्मगुरूंनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें, तें रोमन लिपींत. देशी अक्षरांचे ठसे मिळावे अशी इच्छा त्यांनीं १६०८ मध्येंच रोमला कळविली होती. ती सफळ झाली नाहीं. १६१९ मध्यें ते निवर्तले, आणि दोत्रीन त्यांच्यामागें १६२२ मध्यें प्रसिद्ध झाली.

पुढें १६८४ मध्यें गोव्याच्या व्हाइसरॉयनें फर्मान काढलें, कीं तीन वर्षांत लोकांनीं स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ज्या भाषेंत लेकरें क्रूसाची खूण शिकलीं, तिच्यावरच हा घाव होता. पुराणाच्या जुन्या तीन आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज हातीं नाहीं. तें वांचलें तें हस्तलिखितांत, मुख्यतः मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांत. तेथेंच १९०७ मध्यें तें पुन्हा छापलें गेलें. आणि १९५६ मध्यें पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं तें देवनागरींत आणलें.